शंभराची रांग

आमच्या चर्चच्या स्कॉलरशिप कमिटीत पाच बायका आहेत. टोप्या पाच, पर्सा पाच, अक्कल सगळ्यांत मिळून एक, आणि तीही मिसेस क्लॉडीन बॅटलच्या ताब्यात. ह्या बाई गावातल्या शाळेच्या हेडमास्तरीण होत्या. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण अजून कुणी च्युइंगगम चघळताना दिसलं की तळहात पुढे करतात, थुंक म्हणून. दर शनिवारी त्या माझ्याच खुर्चीत बसतात. मी केस करते. अलाबामातल्या ह्या एवढ्याशा गावात काळ्या बायकांची डोकी माझ्याच हाताखालून जातात, त्यामुळे कुणाच्या डोक्यावर काय आहे आणि डोक्यात काय नाही, हे मला बरोबर ठाऊक असतं.

पण गोष्ट ह्या टोप्यांची नाही, माझ्या भाचीची आहे. जकाया. माझ्या धाकट्या बहिणीची, अर्लीनची, एकुलती एक मुलगी. पोरीला केमिस्ट्रीचं वेड. माझ्या दुकानातल्या केस सरळ करायच्या क्रीमचे डबे उलटे करून त्यात काय काय घातलंय ते वाचायची आणि मला म्हणायची, "मावशी, हे तू बायकांच्या डोक्याला लावतेस?" मी म्हणायचे, "लावते, आणि त्याच पैशांतून तुला आइस्क्रीम देते. गप बस."

तिला जायचं होतं जॉर्जियातल्या एका कॉलेजात. आम्हा लोकांना बाकीचे कुठे दारात उभं करत नव्हते तेव्हा आमच्याच माणसांनी काढलेलं कॉलेज. त्याचं नाव घेत नाही, त्यांची ह्यात काही चूक नाही. शाळेच्या सहलीत एकदा ती तिथे जाऊन आली आणि आल्यापासून दुसरं बोलणंच नाही. तिथल्या प्रयोगशाळेत एक काळी बाई प्राध्यापक होती, पांढरा कोट घातलेली, आणि तिने जकायाला विचारलं, "तू काय करणार आहेस इथे येऊन?" येऊन! जणू काही ठरलेलंच. पोरगी ते एक वाक्य आठवडाभर चघळत होती.

प्रवेश मिळाला. फी बरीचशी माफ झाली. सरकारची मदत मिळाली. तरी चार हजार डॉलरचा खड्डा उरला तो उरलाच, आणि तो जूनअखेर भरला नाही तर जागा दुसऱ्याला.

आता अर्लीनबद्दल सांगायला हवं. सख्खी बहीण आहे, तरी सांगते, असलं खुळं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. नवरा ह्यूस्टनला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. ही कोंबड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून दिवसभर माना नि पंख कापते. हाताची बोटं रात्री मिटत नाहीत. पण रविवारी चर्चमध्ये बघाल तर वाटेल बँकेची मॅनेजरीण आली. इस्त्रीचा सूट, हातमोजे, मोत्यांची माळ. मोती खोटे, ऐट खरी. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या आईने तिला शिकवलं आणि तिने लेकीला. मला शिकवायला आई विसरली असावी, कारण माझी मूठ झाकतच नाही.

ह्या वसंतात तिचं पाणी तोडलं. बिल थकलं होतं. ही सकाळी उजाडायच्या आत माझ्या दुकानाच्या मागच्या दारी प्लॅस्टिकचे कॅन घेऊन यायची. एकदा समोरच्या मेकॅनिकने विचारलं, "काय सिस्टर अर्लीन, एवढं पाणी?" तर म्हणते कशी, "फुलांना घालायला." 

तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, तुझ्या दारात एक फूल नाही!"

"ताई, हळू बोल," ती म्हणाली, "त्याला काय ठाऊक?"

सरकारी मदतीचा अर्ज भरतानाही हाच तमाशा. आईचा पगार लिहायचा होता. "माझा पगार मी नवऱ्याला कधी सांगितला नाही, सरकारला सांगू?" "सरकारला ठाऊकच आहे, बाई. टॅक्स कोण कापून घेतं?" "मग परत विचारतंय कशाला?" शेवटी तिला दुकानातल्या केस वाळवायच्या मशीनखाली बसवली, मशीन चालू केलं, आणि ती आत ओरडत असताना अर्ज जकायाने आणि मी भरला.

उरलेल्या चार हजारांसाठी आम्ही स्कॉलरशिपा शोधायला लागलो. इंटरनेटवर बघाल तर स्कॉलरशिपा नुसत्या रस्त्यावर पडल्यात, तुम्ही वाकायचा अवकाश. वाकून बघितलं की कळतं काय ते. एक डावखुऱ्यांसाठी. एक खूप उंच मुलींसाठी. एक बदकासारखं ओरडून दाखवणाऱ्यांसाठी, आणि देवाशपथ सांगते, पोरीने दोन दिवस तोही सराव केला. दुकानातल्या बायका हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. एका ठिकाणी नाव-नंबर दिला तर स्कॉलरशिप राहिली बाजूला, गाद्या विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. एका ठिकाणी वर मोठ्या अक्षरात "गरीब विद्यार्थ्यांसाठी" आणि खाली बारीक अक्षरात अर्जाची फी पस्तीस डॉलर. मेल्यांनो, गरिबाकडून पस्तीस पस्तीस डॉलर गोळा करून गरिबी हटवता होय!

जिल्ह्याच्या गावी शिकल्यासवरल्या बायकांचा एक क्लब आहे. त्यांची स्कॉलरशिप घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या मुलीला. अट एकच, क्लबातल्या बाईने शिफारस करायची. आता जिच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, तिला ह्या क्लबातली बाई भेटणार कुठे? स्वप्नात? मी फोन करून हेच विचारलं. पलीकडची म्हणाली, "आमच्या वार्षिक मेजवानीला या ना, ओळखी होतील. ताट शंभर डॉलरला आहे." मी फोन ठेवला. आपटला असंही म्हणता येईल.

म्हणजे राहिली चर्चची. पाच हजार डॉलर, आमच्या चर्चचे जुने डीकन, म्हणजे वडील सेवक, ओबेद टब ह्यांच्या नावाने. डीकन टब जन्मभर रेल्वेत लोकांच्या बॅगा उचलून मेले आणि जाताना सगळी शिल्लक चर्चला देऊन गेले. आपल्या चर्चमधलं गरजू पोर, आपल्या लोकांच्या कॉलेजात जाणारं, दर वर्षी एक. गरजू. बिचाऱ्याने शब्द मोजून वापरले होते. त्याला काय ठाऊक, त्या शब्दाचा अर्थ लावायला पाच टोप्या बसणार आहेत म्हणून.

यंदा अर्ज दोनच. एक जकायाचा. दुसरा प्रेस्टन गेदरचा. प्रेस्टन म्हणजे दाताच्या डॉक्टरचा मुलगा. पोरगा वाईट नाही, नुसता मऊ आहे, लोण्यात वाढलेला. त्याची आई कमिटीतच. मुलाच्या मुलाखतीच्या वेळी ती नियमाप्रमाणे खोलीबाहेर जाऊन उभी राहिली, आणि दार तेवढं उघडं ठेवलं.

जकायाच्या मुलाखतीच्या दिवशी अर्लीनची कारखान्यात शिफ्ट होती, म्हणून मी घेऊन गेले. गाडीत मी तिला सांगितलं, "हे बघ बाळा, आज लाज गाडीत ठेवून जा. येताना परत घे. पाण्याचं सांग, आईच्या बोटांचं सांग, बापाचं सांग. रडू आलं तर अडवू नकोस, आणि नाही आलं तर आण."

"मम्मा म्हणालीय, घरातलं घरात."

"घरात आता पाणी सुद्धा नाही, कार्टे! घरात ठेवतेस काय?"

ती खिडकीबाहेर बघत बसली. हनुवटी वर. अगदी आईसारखी.

चर्चच्या मागच्या खोलीत पाचही जणी लांब टेबलापलीकडे ओळीने बसल्या होत्या. मिसेस बॅटलनी विचारलं, "कशी आहेस, बाळा?"

"देवाची कृपा आहे, मॅम."

हे उत्तर ठीकच. आमच्याकडे पाय मोडून पडलेला माणूससुद्धा हेच म्हणतो. पुढे केमिस्ट्रीचं विचारलं तर पोरगी अशी सुटली की दोन बायका तोंड उघडं टाकून ऐकत राहिल्या. मला वाटलं, जिंकलो. मग मिसेस बॅटल जरा पुढे वाकल्या आणि आवाज एकदम गोड करून म्हणाल्या, "आणि घरी? काही अडचण? मोकळेपणाने सांग हो. इथे सगळी आपलीच माणसं."

मी जकायाकडे बघत राहिले. बोल गं, बोल, असं मनात ओरडत होते. तिने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

"नाही मॅम. आम्हाला कशाची कमी नाही. मम्मा सगळं बघते."

"किती छान," मिसेस बॅटल म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं.

मी म्हटलं, "अहो, मी जरा सांगू का—"

"व्हर्निटा, प्रश्न मुलीला आहे."

तरी मी बोलणारच होते. पण जकायाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, असा की माझ्या अंगठ्याचं नख पुढे काळं पडलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ह्याला काय म्हणावं? आणि नुसतं लपवायचं नाही, वर सांगायचं की आमच्याकडे ताकाच्या नद्या वाहतात! घरी पोचेपर्यंत मी बडबड बडबड बडबडले.

जूनमधला दुसरा रविवार हा स्कॉलरशिपचा रविवार. त्याच्या आदल्या शुक्रवारी मी अर्लीनच्या हातावर शंभराची नोट ठेवली. कोरी करकरीत. म्हटलं, सोमवारी उठल्याबरोबर पाण्याच्या ऑफिसात जा आणि नळ चालू करून घे, पोरीला कॅनने आंघोळ करताना बघवत नाही. तिने नोट घडी करून पर्समधल्या रविवारच्या हातमोज्याच्या आत सरकवली. "परत करीन," म्हणाली. "करशील तेव्हा करशील," मी म्हटलं.

रविवारी चर्च खच्चून भरलेलं. हाताहातांतले पंखे हलताहेत, गाणारी मंडळी घामाघूम. पास्टर मिम्सनी यंदाच्या सगळ्या पास झालेल्या मुलांना उभं केलं, टाळ्या झाल्या. मग मिसेस बॅटल वर गेल्या. बिस्किटी रंगाची टोपी, तिच्यावर अख्खा पक्षी. आणि नाव वाचलं. प्रेस्टन गेदर.

दाताच्या डॉक्टरचा मुलगा! डीकन टब थडग्यात उठून बसले असतील.

प्रथेप्रमाणे त्याने आपला निबंध वाचून दाखवला. विषय होता, "मी संकटांशी कसा झुंजलो." संकट असं होतं की त्याच्या वडिलांना तळ्यावरची बोट विकावी लागली. "बोट गेली त्या दिवशी मला कळलं," पोरगा वाचत होता, "की आयुष्यात काहीच कायमचं नसतं." मागून कुणीतरी "आमेन!" म्हणालं. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने डोळे पुसले. तिच्या घराचं छप्पर दोन वर्षांपासून गळतंय, आणि ती रडत होती त्या बोटीसाठी. मला हसू आवरेना. मी फसकन हसले तर व्यवस्था बघणाऱ्या पांढऱ्या हातमोजेवाल्याने माझ्यापुढे पंखा आणून धरला, मला झटका वगैरे आलाय असं समजून.

अर्लीन माझ्या शेजारीच होती. टाळ्या वाजवत होती. तिच्या पलीकडे जकाया, तीही टाळ्या वाजवत होती, एका लयीत, समोर बघत.

आणि एवढ्यावर भागेल तर आमचं चर्च कसलं? मिसेस बॅटल म्हणाल्या, "आपल्या प्रेस्टनला प्रवासखर्चाला थोडी प्रेमाची भेट देऊ या." म्हणजे दानाचं ताट. आमच्याकडे ताट तुमच्यापाशी येत नाही, तुम्ही ताटापाशी जायचं, सगळ्यांसमोर, रांग करून. आणि रांगा आकड्याने लागतात. आधी शंभरवाले. मग पन्नासवाले. मग वीस. शेवटी ज्यांना जे जमेल ते, आणि त्यांच्या वेळी ऑर्गन वाजवणारासुद्धा दोन सूर कमीच वाजवतो.

"शंभर डॉलर देणाऱ्यांनी उभं राहा!" मिसेस बॅटलनी पुकारा केला. गेदर कुटुंब उठलं. विमावाला उठला. मयताचं सामान विकणारा उठला, तो उठणारच. मग मिसेस बॅटलची नजर आमच्या बाकावर आली. आवाजात साखर. "सिस्टर अर्लीन, लेकीचा नंबर नाही लागला, पण मन मोठं ठेवलंत, हेच खरं."

झालं! ह्या एका वाक्यावर माझी बहीण उठली.

मी तिचा सूट धरला. "अर्लीन, बस खाली."

"सगळे बघताहेत, ताई," ती ओठ न हलवता म्हणाली.

"बघू देत! अगं, ती पाण्याची—"

ती निघाली. शंभराच्या रांगेत, विमावाल्याच्या मागे, मान ताठ. ताटापाशी थांबली, हातमोज्यातून ती घडी काढली, उलगडली, दिसेल अशी उलगडली, आणि ठेवली. दाताच्या डॉक्टरच्या पोराच्या ताटात, माझ्या भाचीच्या आंघोळीचं पाणी.

मला पुढचं नीटसं आठवत नाही असं म्हटलं तर बरं दिसेल. पण मला सगळं आठवतं. मी बाकावरून उठले, मधल्या वाटेने चालत गेले, आणि ताटातली ती कोरी नोट उचलली.

चर्चमध्ये ताटात टाकतात. ताटातून कुणी उचलत नाही. वाजवणारा थांबला, पंखे थांबले, त्या बिस्किटी टोपीवरचा पक्षीसुद्धा थबकल्यासारखा दिसला. पांढऱ्या हातमोजेवाल्याने माझं मनगट धरलं. "सिस्टर व्हर्निटा!"

"सोड," मी म्हटलं, "नाहीतर तुझ्या बायकोच्या डोक्याला पुन्हा हात लावणार नाही." सोडलं त्याने.

मग मी वळले सगळ्यांकडे. "ऐका! ह्या बाईच्या घरी पाणी नाही. ईस्टरपासून नाही. ही माझ्या दुकानातून कॅन भरून नेते. हिच्या पोरीला कॉलेजला चार हजार कमी पडताहेत, आणि तुम्ही गरजूचे पैसे बोटवाल्याला दिलेत! आणि ही खुळी त्यालाच वर शंभर देतेय! लाज नाही वाटत?"

"खोटं आहे!" अर्लीन म्हणाली. चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज ठाम. "पास्टर, माझ्या बहिणीची तब्येत बरी नाही. उन्हाचा त्रास होतो तिला."

"उन्हाचा त्रास होतो! मला!"

पास्टर मिम्स खाली उतरून आले. ते बरे गृहस्थ आहेत, थोडे उशिरा जागे होतात एवढंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अर्लीनकडे बघितलं, आणि मग सरळ जकायाकडे गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा, मावशी म्हणतात ते खरं असेल तर आपण आत्ता, ह्या क्षणी दुसरं ताट ठेवू. तुझ्यासाठी. ह्या दारातून कुणी बाहेर जाण्याआधी चार हजार जमवू. मी शब्द देतो. तू फक्त हो म्हण."

आणि खरंच, पर्सा उघडल्याचे आवाज यायला लागले. म्हातारी, ती गळक्या छपराची, तिनेसुद्धा रुमालाची गाठ सोडायला घेतली होती. ह्या लोकांना मी कितीही नावं ठेवते, पण एकदा पेटले की देतात. चार हजार जमले असते. मी पैजेवर सांगते, जास्त जमले असते.

जकाया उठली. तिने आधी आईकडे बघितलं. अर्लीन ताटापाशी एकटीच उभी होती, दोन्ही हात पुढे बांधून, मोत्यांची माळ श्वासाबरोबर वर-खाली होत होती. ती लेकीकडे बघतच नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, गोळी घालणाऱ्यांसमोर माणूस बघेल तशी.

पोरगी वाटेने चालत माझ्यापर्यंत आली. माझी मूठ सोडवली. मला वाटलं, नोट घेऊन आईच्या हातात देईल. तिने ती नीट सरळ केली आणि परत ताटात ठेवली.

"मावशीचा काहीतरी गैरसमज झालाय, पास्टर," ती म्हणाली. स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. "आम्हाला कशाची कमी नाही. अभिनंदन, प्रेस्टन."

मग मिसेस बॅटल "आमेन" म्हणाल्या, आणि सगळं चर्च "आमेन" म्हणालं, आणि पुकारा झाला, "आता पन्नासवाले!"

प्रार्थना संपल्यावर खालच्या हॉलमध्ये जेवण होतं. तळलेली कोंबडी, मॅकरोनी, पाउंड केक. मी जेवायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. मिसेस बॅटल केक कापत होत्या.

"तमाशा केलास, व्हर्निटा."

"मी केला? बोट विकली म्हणून पाच हजार तुम्ही दिलेत!"

"प्रेस्टनने मागितले. त्याने आपलं दुःख आमच्यासमोर ठेवलं. तिने काय ठेवलं?"

"अहो, पाणी नाही हो त्यांच्या घरी! खरंच नाही!"

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या, आणि सुरी पुसून पुढचा तुकडा कापला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय ठाऊक आहे?"

"अगं, पाण्याच्या ऑफिसात आपली रूबी बसते. आमच्याच कमिटीत आहे. अर्लीनचा नळ तोडायच्या कागदावर तिचीच सही. कमिटीत कुणाला ठाऊक नव्हतं? आणि चर्चमध्ये तरी कुणाला नव्हतं? तो नवरा गेला तेव्हापासून तिचं कसं चाललंय, हे काय कुणाला दिसत नाही?"

"आणि तरीही तुम्ही—"

"आम्ही विचारलं तिला. गोड बोलून विचारलं. ती म्हणाली कमी नाही. आता आम्ही तिच्या तोंडावर म्हणायचं, खोटं बोलतेस, तुम्ही भिकारी आहात? आज पास्टरांनी पुन्हा विचारलं, भर सभेत. तिने तेच सांगितलं. माणसाला मान असतो, व्हर्निटा. अर्लीनने इतकी वर्षं तो राखलाय, आम्हीही राखला. आणि मुलगी काय संस्कारी आहे! केक घे."

मी ह्या बाईच्या डोक्याला तीस वर्षं तेल चोळलं. मला तिच्या मानेवर तो अख्खा केक ठेवावासा वाटला. सगळ्यांना ठाऊक होतं! ते सगळे बसून बघत होते, एक बाई पाण्याचे पैसे ताटात घालतेय आणि एक पोर आपलं कॉलेज ताटात घालतंय, आणि ह्याला हे मान राखणं म्हणत होते. थू तुमच्या मानावर!

मी तशीच बाहेर पार्किंगमध्ये गेले. ठरवूनच गेले होते की दोघींच्या तोंडावर सांगायचं. बायांनो, ज्या मुठीसाठी एवढं केलंत ती कधीची उघडी पडलीय. अख्खं गाव आत डोकावून बसलंय.

जकाया गाडीला टेकून उभी होती. अर्लीन आत, स्टीअरिंगवर हात, काचा वर.

"मूर्ख!" मी सुरुवात केली. "नुसतं हो म्हणायचं होतं. एक शब्द! पोपटाला येतो!"

"उद्या कॉलेजला फोन करून सांगते, जागा सोडतेय म्हणून," ती म्हणाली. "कारखान्यात भरती चालू आहे. मम्माच्या पट्ट्यावरच घेतील."

"अगं पण का? का केलंस?"

तिने गाडीकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, मी तर निघून गेले असते. चार वर्षं, मग कदाचित कायमचीच. तिला इथे राहायचंय. त्याच बाकावर, त्याच बायकांत, दर रविवारी. मी हो म्हटलं असतं तर तिच्याकडे काय उरलं असतं?" मग ती जराशी हसली, आणि त्या हसण्यात तिला स्वतःचा थोडा अभिमान वाटत होता, ते मला दिसलं. "आणि जमलं ना मला? बघितलंस ना तू. सगळ्यांनी विश्वास ठेवला."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. रूबी, सही, केक, सगळं. मी आयुष्यात तोंडापर्यंत आलेलं कधी गिळलं नाही.

"ठेवला गं," मी म्हटलं. "चांगला ठेवला."

ती गाडीत बसली. अर्लीनने माझ्या बाजूची काच बोटभर खाली केली. माझ्याकडे न बघताच विचारलं, "आत काय म्हणत होत्या मिसेस बॅटल?"

"तुझ्या लेकीचं कौतुक करत होत्या. म्हणाल्या, फार संस्कारी आहे."

"आहेच मुळी," अर्लीन म्हणाली, आणि काच वर करून गाडी सुरू केली.